किल्ली माझ्याकडे होती

आमच्या वाचनालयाच्या ऑफिसात, खिडकीशेजारी एक हिरवं लोखंडी कपाट आहे. जुन्या दाखल नोंदवह्या, वर्गणीची पावतीपुस्तकं, अनुदानाच्या फायली आणि सुतळीनं बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे त्यात असतात. २००९ च्या मार्च महिन्यात त्यात एक कादंबरी गेली. ती मी ठेवली. कुलूपही मीच लावलं, आणि किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिली.

कादंबरी आनंद यादवांची, 'संतसूर्य तुकाराम'. यादव आमच्या जिल्ह्यातले, कागलचे. त्यांच्या 'झोंबी'च्या तीन प्रती आमच्याकडं होत्या आणि तिन्हींचे पुठ्ठे बदलून झाले होते. शाळा शिकायची म्हणून बापाशी आणि शेतातल्या कामाशी झगडणाऱ्या पोराची ती कहाणी. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, पण आमच्या सभासदांना त्याचं विशेष नव्हतं. त्यांना ती आपल्या घरातलीच गोष्ट वाटायची. त्या वर्षी यादव महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. आम्ही फळ्यावर खडूनं अभिनंदनही लिहिलं होतं. मग कादंबरीतल्या तरुण तुकोबांच्या चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागं घेतलं, शेवटी अध्यक्षपदही सोडलं. संमेलन अध्यक्षाविना झालं.

आमच्याकडं कुणी आलं नव्हतं. फोन नाही, निवेदन नाही, कुठल्या खात्याचा कागद नाही. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी संध्याकाळी वर्तमानपत्राची घडी घालता घालता एवढंच म्हटलं, "ते पुस्तक काही दिवस आत राहू दे. कशाला उगाच?"

त्या दोन शब्दांबद्दल मी इतक्या वर्षांत खूप विचार केला आहे. 'कशाला उगाच' म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्या ज्येष्ठांनी स्वतःच्या पेन्शनमधून वाचनालयाचं छप्पर दुरुस्त करून घेतलं होतं. त्यांना काचा फुटायला नको होत्या, आम्हा दोघी बायकांना कुणी येऊन काही बोलायला नको होतं. काळजीच होती ती. पण त्या काळजीनं जे केलं ते सरकारी हुकुमालाही इतक्या सहज जमलं नसतं. पुस्तक नोंदवहीत राहिलं, फळीवरून गेलं. 'बाद' असा शेरा नाही, 'हरवले' असाही नाही. मागच्या पानावरच्या तारखेच्या पट्टीवर १४ फेब्रुवारीचा जांभळा शिक्का होता, त्याखाली सगळी घरं कोरी.

एप्रिलमध्ये आबा आले. आबा म्हणजे आमचे एक जुने सभासद, पंचगंगेकाठच्या गावातले, जुनी सातवी फायनल झालेले, गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पायी वारी. दर सोमवारी एस्टीनं यायचे, एक पुस्तक बदलायचे आणि बाकावर बसून पेपर वाचून जायचे.

"ते यादवांचं तुकोबावरचं पुस्तक हाय काय?"

"बाहेर गेलंय, आबा."

वाचनालयाच्या भाषेत 'बाहेर गेलंय' म्हणजे कुणीतरी सभासदानं नेलंय. मी खोटं बोलले. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच विचारणं, पुन्हा तेच उत्तर. सहाव्या की सातव्या खेपेला ते म्हणाले, "दीड महिना झाला. कोण हाय त्यो? दंड लाव की त्याला." मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता येईना. मी खरं सांगितलं.

आबा रागावले नाहीत. बाकावर जाऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. थोड्या वेळानं म्हणाले, "पोरी, माळ माझ्या गळ्यात हाय. माझ्या तुकोबाबद्दल त्येनं काय लिवलंय ते मला बघाय नको? आमच्यात सगळी म्हणालीत, लई वाईट लिवलंय. मी बी म्हणालोय, वाईट लिवलंय. वाचलं कुणीच न्हाई."

मी ड्रॉवर उघडला.

पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या पिशवीत घातलं. देवघेवीच्या वहीत नोंद केली नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानामागं पेन्सिलीनं नाव आणि तारीख लिहिली. तेवढी हिंमतही त्या दिवशी मला मोठी वाटली.

अकरा दिवसांनी पुस्तक परत आलं तेव्हा ते फुगलं होतं. आत चिठ्ठ्या होत्या. ऊस कारखान्याच्या काट्यावरच्या जुन्या वजनपावत्या असतात ना, त्या चौकोनी फाडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं लिहिलेल्या सतरा चिठ्ठ्या. वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचं नसतं हे आबांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी कागद वेगळे घेतले होते. प्रत्येक चिठ्ठीवर पान क्रमांक, त्यापुढं बहुतेक ठिकाणी गाथेतल्या अभंगाचा क्रमांक, आणि एखाद-दुसरी ओळ. 'हे असे नव्हते. अभंग पाहावा.' 'येथे राग आला. रात्री पुस्तक मिटले, सकाळी पुन्हा घेतले.' दुष्काळाच्या पानांवर एक चिठ्ठी होती, तिच्यावर अभंगाचा क्रमांक नव्हता. फक्त 'रडू आले.' एका चिठ्ठीवर नुसतं प्रश्नचिन्ह. ते त्यांनी लेखकाला विचारलंय की स्वतःला, हे मला आजही सांगता यायचं नाही.

मी विचारलं, "कसं वाटलं, आबा?"

"लिवाय नको होतं त्येनं असं," ते म्हणाले. "पर कपाटात घालायचं काय कारण न्हवतं. आन् त्या चिठ्ठ्या काढू नगंस. म्होरला वाचंल, त्याला माझं बी कळंल."

मी चिठ्ठ्या काढल्या नाहीत.

आबांचं मत बदललं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुस्तक वाचलं की माणूस निवळतो, दोन बाजूंचं भांडण मिटतं, असं काही मी सांगत नाही. आबांचं दुखणं खरं होतं आणि ते वाचल्यावरही दुखतच राहिलं. फरक एवढाच की अकरा दिवसांपूर्वी त्यांच्याकडं दुसऱ्याचं ऐकलेलं दुखणं होतं, आता स्वतःचं होतं, पानांच्या क्रमांकासकट. आणि त्या माणसाला मी दीड महिना 'बाहेर गेलंय' सांगत होते, ज्याला गाथा पाठ होती, ज्याच्याइतका त्या पुस्तकाला जाब विचारायचा अधिकार आमच्या सभासदांत दुसऱ्या कुणाला नव्हता.

बंदी म्हटलं की सरकारचा हुकूम डोळ्यांसमोर येतो. तसे हुकूम निघतात, आजही निघतात. जम्मू-काश्मीरमध्ये २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका फटक्यात पंचवीस पुस्तकं जप्त ठरवली गेली. पण हुकुमाला निदान तोंड असतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ९८ आहे. पुस्तक जप्त करायचं तर सरकारला त्याची कारणं लेखी द्यावी लागतात, आणि दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात तीन न्यायाधीशांपुढं त्याला आव्हान देता येतं. 'कशाला उगाच'ला कुठल्या न्यायालयात आव्हान द्यायचं? त्याला ना तारीख, ना सही, ना जावक क्रमांक. माझ्या अनुभवात पुस्तकं जास्त करून अशीच जातात. संपादक एक प्रकरण गाळतो, प्राध्यापक यादीतून एक नाव काढतो, ग्रंथपाल किल्ली फिरवते.

एक गोष्ट मला अवघड जाते, ती इथंच सांगते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात जिजाऊंबद्दल जे छापलं गेलं होतं, ते वाचून मला संताप आला होता. कोल्हापुरात वाढलेल्या बाईला तो येणारच. ताराराणींची ही गादी. इथं जिजाऊंचं नाव आम्ही उंबऱ्याला हात लावावा तसं घेतो. पुण्यातल्या काही इतिहासकारांनी प्रकाशकांना निषेधाचं पत्र लिहिलं आणि २००३ च्या नोव्हेंबरमध्ये पुस्तक भारतातल्या बाजारातून मागं घेतलं गेलं. तरी, लेन यांना तिथल्या अभ्यासकांनी मदत केली म्हणून, ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. ज्या पुस्तकाचा राग होता ते तिथं लिहिलं गेलं नव्हतं, तिथं छापलंही गेलं नव्हतं. मोडतोड झाली ती आपल्याच पोथ्यांची, आपल्याच हस्तलिखितांची, ज्यांतून उद्या कुणीतरी त्या पुस्तकाला पुराव्यानं उत्तर दिलं असतं. मग राज्य सरकारनं बंदी घातली, ती २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. माझा संताप या सगळ्यात कुठं गेला? कमी नाही झाला. पण त्या संतापाच्या नावानं जे फाडलं गेलं ते मला त्या छापलेल्या ओळीहून जास्त लागलं. आजही लागतं.

गांधीजींनी एकदा हा प्रश्न फार साधेपणानं सोडवला होता. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रह करायचा होता, आणि मोडायचा कायदा कुठला, तर जो सामान्य माणसाला सहज मोडता येईल. सरकारनं जप्त केलेली पुस्तकं छापून विकायची ठरली. त्यांचं स्वतःचं १९१० पासून बंदी असलेलं 'हिंद स्वराज' आणि 'सर्वोदय'. ६ एप्रिलला दिवसभराचा उपास सुटल्यावर संध्याकाळी ते आणि सरोजिनी नायडू मोटारींतून मुंबईत पुस्तकं विकायला निघाले. किंमत चार आणे. पण चार आण्यांना क्वचितच कुणी घेतलं. लोक खिशात असेल ते देत होते, पाच-दहाच्या नोटा पुढं येत होत्या, एका प्रतीला तर पन्नास रुपये मिळाले. हे पुस्तक घेतलं तर तुरुंगात जावं लागेल, असं प्रत्येकाला आधी सांगितलं जात होतं. पुढं सरकारनं म्हटलं, ही नवी आवृत्ती आहे, बंदी जुन्या आवृत्तीवर होती, तेव्हा गुन्हा झालेलाच नाही.

मला यात सगळ्यात मोठी वाटते ती ती आधी सांगण्याची गोष्ट. सांगून, समजावून, मग पुस्तक हातात. आपण मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून देतो.

१६ फेब्रुवारी २०१५ ची सकाळ कोल्हापुरात कुणी विसरलेलं नाही. गोविंद पानसरे आणि उमाताई सकाळचं फिरून घरी परतत असताना सागरमाळ भागात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. त्यामागं कोण आणि का, हे न्यायालयाचं काम आहे. मी फक्त त्या आठवड्यातलं वाचनालय सांगू शकते. पानसरेंचं 'शिवाजी कोण होता?' मागायला माणसं येत होती. १९८८ सालची ती छोटी पुस्तिका, मूळ एका भाषणातून आलेली, त्यामुळं समोर बसून कुणी समजावून सांगावं तशी भाषा. आमच्याकडं दोन प्रती होत्या. एकीचं वरचं पान कधीच गेलं होतं, दुसरी पिनांवरून सुटली होती. मंडईतला एक भाजीवाला दादा, एक रिक्षावाला, बारावीच्या दोन मुली, कॉन्स्टेबलची नोकरी करणारा एक तरुण, जो युनिफॉर्म बदलून यायचा. सगळ्यांना द्यायला प्रती नव्हत्या. तेव्हा त्या बारावीतल्या एकीनं सुचवलं, "मॅडम, मोठ्यानं वाचूया की. सगळ्यांचं एकदमच होईल."

वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. एकानं चार पानं, मग दुसऱ्याकडं. भाजीवाल्या दादांना सलग वाचायची सवय नव्हती. ते अडखळले की शेजारची मुलगी हळूच शब्द सांगायची आणि ते पुन्हा सुरुवातीपासून ते वाक्य वाचायचे. रयतेच्या पिकाला धक्का लागू नये म्हणून महाराज सैन्याला ताकीद द्यायचे, तो भाग त्यांच्या वाट्याला आला. ते थांबले. म्हणाले, "हे मला परत वाचू द्या." आणि पुन्हा वाचलं, आधीच्यापेक्षा मोठ्यानं. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली आणि उभ्यानंच ऐकत राहिली.

तो कुणी ठरवून केलेला कार्यक्रम नव्हता. पण त्यानंतर आमच्यातल्या दहा-बारा जणांना सवय लागली. महिन्यातल्या शेवटच्या रविवारी मंगळवार पेठेत एका मैत्रिणीच्या माडीवर आम्ही जमतो. ज्याच्यावर कुणाचा तरी राग आहे असं एक पुस्तक घेतो. नियम दोनच. ज्यानं पुस्तक पुरं वाचलं नाही त्यानं त्या दिवशी फक्त ऐकायचं. आणि वाचून झालेली प्रत घरी ठेवायची नाही, गटाबाहेरच्या एका माणसाला नाव सांगून द्यायची, हे पुस्तक काय आहे, लोकांना यातलं काय खटकतं, हे स्पष्ट सांगून. वास्तुशांतीला, साठीशांतीला आम्ही हल्ली आहेरही असाच करतो.

२०२२ च्या डिसेंबरात कोबाड गांधींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या मराठी अनुवादाला राज्य सरकारनं ६ तारखेला पुरस्कार जाहीर केला आणि १२ तारखेला तो मागं घेतला, त्या महिन्यात आमची निवड आपोआप झाली. चर्चेत आमच्यातले चार जण त्या पुस्तकाच्या पूर्ण विरोधात होते, एक काका तर फार कडक बोलले. पण सगळे पानं उलटून बोलत होते. 'तुम्ही म्हणता ते कुठं आहे, दाखवा' हे वाक्य त्या दिवशी किती वेळा आलं असेल!

अडचणी येतात. एका आईनं वाचनालयात येऊन बालविभागातलं वयात येणाऱ्या मुलींसाठीचं आरोग्याचं पुस्तक टेबलावर आपटलं होतं. "वहिनी, आधी तुम्ही वाचा," मी म्हटलं, "मग सांगाल तसं करू." मला भीती होती की आता आपण वाकतोय. त्या चार दिवसांनी आल्या आणि म्हणाल्या, पुस्तक ठेवा, पण तिसरी-चौथीच्या पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. मी ते वरच्या फळीवर ठेवलं. आपल्या मुलानं काय वाचावं हे आईबापांनी ठरवणं मला मान्य आहे. शेजाऱ्याच्या मुलानं काय वाचावं हे त्यांनी ठरवणं मान्य नाही. र. धों. कर्व्यांवर लैंगिक आरोग्यावरच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र घ्यायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ती केस ते हरले. मासिक मात्र १९५३ पर्यंत, कर्वे जाईपर्यंत, निघत राहिलं.

या गावाला वाचनाचा वारसा काही कमी नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि जो बाप पोराला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळातला एक रुपया! ज्या संस्थानात न वाचण्याला दंड होता, तिथं मी एका माळकरी म्हाताऱ्याला दीड महिना परत पाठवत होते, हे मला राहून राहून टोचतं.

आबा आता नाहीत. ती प्रत आता वाचनालयाच्या फळीवर नाही. त्या पुस्तकाचं पुढं कोर्टकचेरीत बरंच काही झालं आणि कार्यकारिणीनं ते पुन्हा आत ठेवलं. सतरा चिठ्ठ्या मात्र त्याआधी अकरा जणांनी वाचल्या. एका मुलीनं आबांच्या प्रश्नचिन्हाच्या चिठ्ठीखाली दुसरी चिठ्ठी जोडली होती, वहीच्या पानाची: 'मलाही हेच पडलं होतं.' कपाटाची किल्ली अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, पण आता कुणी 'काही दिवस आत ठेवा' म्हटलं की मी एक कागद पुढं करते: कोणी सांगितलं, कशासाठी, किती दिवस, आणि खाली सही. बहुतेक वेळा तो कागद कोराच राहतो आणि पुस्तक फळीवर.

या महिन्याचं पुस्तक निवडायची पाळी काकांची होती. त्यांनी निवडलेलं पुस्तक माझ्या देवघरातल्या एका नावाबद्दल आहे, आणि ते प्रेमानं लिहिलेलं नाही. पहिल्या चाळीस पानांत मी ते दोनदा मिटलं. गेल्या रविवारी काकांना फोन करून म्हणणार होते की या वेळी मी नुसती ऐकते. केला नाही. घरात ऊसाच्या पावत्या नाहीत, म्हणून लाइटबिलाच्या मागच्या बाजूचे चौकोन कापून घेतलेत. काल रात्री पान ६३ वर पहिली चिठ्ठी ठेवली. अजून दीडशे पानं आहेत आणि रविवार पाच दिवसांवर.